पावसात भिजलेल्या गाडीची चेन

आम्ही गंगथडीच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या एका वस्तीवरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज पापड-शेवयांचं नाही, मोटारसायकलच्या चेनीचं बोलायचंय. तुम्ही म्हणाल, हे गड्यांचं काम. आम्हीही तसंच म्हणायचो.

२०२५च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. आमच्यातल्या एकीच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ला फोन केला. पण चिखलामुळं ती गाडी डांबरी रस्त्यावरच थांबली. पोरानं मोटारसायकल काढली, सून मधी, सासू मागं. अर्ध्या वाटेत खटकन् आवाज झाला आणि चेन उतरली. मोबाइलच्या उजेडात ती बसवता बसवता अर्धा तास गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

नंतर मिस्त्री म्हणाला, चेन जुनी नव्हती, उपाशी होती. सगळा पावसाळा तिला तेलाचा थेंब मिळाला नव्हता.

असं का होतं? पावसाचं पाणी चेनीवरचं तेल धुऊन नेतं. कड्या गंजतात, आखडतात. त्यात आपली काळी माती. ती कड्यांत शिरली की जात्यासारखी लोखंड दळते. मग चेन सैल पडते आणि दात्यांवरून उतरते. काहीजण वरून इंजिनाचं जळकं ऑइल ओततात. त्यात आधीच लोखंडाचा बारीक कीस असतो, त्यावर धूळ चिकटते. तेल नसण्यापेक्षा ते बरं, पण चांगलं नाही.

आता काय करायचं ते सांगतो. गाडी डबल स्टँडवर लावा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चावी आपल्या कमरेला. पदर खोचून घ्या. चाक हातानंच फिरवायचं. चालू गाडीच्या चेनीला फडकं कधीच लावू नका. फडक्याबरोबर बोटं आत ओढली जातात आणि तुटतात.

जुन्या ब्रशानं चिखल काढा. रॉकेल असेल तर रॉकेल, नसेल तर थोडं डिझेल लावून चेन घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. पेट्रोल वापरू नका, भडका उडायची भीती असते. चेन कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या बाजूच्या चेनीवर, आतल्या अंगानं थेंब थेंब सोडा आणि चाक हळूहळू फिरवा. जास्तीचं पुसून घ्या. टायरला आणि ब्रेकला तेल लागू देऊ नका, नाहीतर गाडी घसरेल. हे संध्याकाळी केलं तर रात्रभर तेल मुरतं.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना चेनीवर पूर्ण कव्हर असतं. त्याला खाली रबरी बूच असतं. ते काढलं की चेन दिसते, तेलही सोडता येतं. आतला चिखल काढायला मात्र पावसाळ्यात एक-दोनदा मिस्त्रीकडून कव्हर उघडून घ्या.

आता ताण. खालची चेन मध्यावर बोटानं वर-खाली करून बघा. साधारण २ ते ३ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवून दोन-तीन ठिकाणी बघा. फार सैल असेल तर उतरते, फार ताणली तर बेअरिंग खाते. मागच्या चक्राचे दाते कोयत्याच्या टोकासारखे वाकले असतील, तर चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदला. एकटी चेन बदलली, तर जुने दाते नवी चेनही लवकर खातात.

एरवी ५०० किलोमीटरला तेल द्या. पावसात भिजल्यावर, नाला ओलांडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर मात्र त्याच दिवशी.

आमच्या गटानं एक ब्रश आणि एक गिअर ऑइलची बाटली गटाच्या पेटीत ठेवलीय. पावसाळ्यात दर रविवारी दोघीजणी मिळून गाड्या बघतो. दसरा-दिवाळीनंतर जोडपी गाडीवर ऊसतोडीला निघतात, त्याआधीही एकदा बघतो. मागं बसणारीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून साडी गार्ड पक्कं आहे का, तेही तेव्हाच तपासतो.

गाडी चालवणारा घरचा कुणीही असो, अडल्या रात्री मागं बसायची वेळ आपल्यावरच येते. म्हणून चेन आपणही बघायची.