कॉलेज-ग्रंथालयाचें दफ्तर किती दिवस ठेवावें?

कॉलेजचें ग्रंथालय म्हटलें म्हणजे कपाटें, पुस्तकें आणि वाचनांत गढलेलीं मुलें डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांच्या मागें एका लहानशा खोलींत ग्रंथालयाचें दफ्तर असतें, त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. दाखल-नोंदवह्या, देवघेवीच्या वह्या, पुस्तकविक्रेत्यांचीं बिलें व दरपत्रकें, दंडाचीं पावतीपुस्तकें, अनामत रकमांचा हिशेब, ग्रंथालय-समितीचीं इतिवृत्तें, वार्षिक मोजणीच्या याद्या, असा हा पसारा दरसाल वाढत जातो. जागा मात्र वाढत नाहीं. मग एखाद्या वर्षीं खोलीला रंग द्यावयाचा निघतो, किंवा भिंतीला वाळवी दिसते, आणि कोणता कागद ठेवावयाचा व कोणता द्यावयाचा याचा निकाल शिपाई आणि रद्दीवाला मिळून अर्ध्या तासांत लावून टाकतात. जाड पुठ्ठ्याच्या जुन्या वह्या वजनाला भरतात म्हणून त्या आधीं जातात. वास्तविक त्याच जावयाच्या नसतात.

हा प्रश्न एकट्या ग्रंथपालाचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. कोणी आपल्या वडिलांचा ग्रंथसंग्रह कॉलेजला देणगी म्हणून दिलेला असतो. तो स्वतंत्र कपाटांत ठेवूं असें कॉलेजनें पत्रानें कळविलेलें असतें. कोणाच्या मुलाची अनामत परत यावयाची असते. कोणा ग्रंथपालाच्या निवृत्तीच्या वेळीं पुस्तकांचा ताळा जमत नाहीं म्हणून त्याचे पैसे अडतात. या सर्वांचा आधार त्या खोलींतील एखादा कागदच असतो.

‘किती वर्षें?’ असें विचारलें म्हणजे एकच आंकडा ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा असते. तसा आंकडा देतां येत नाहीं. प्रत्येक कागद कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असतो. तो प्रश्न जोंपर्यंत कोणी विचारूं शकेल तोंपर्यंत कागद ठेवावा, हेंच खरें माप. नापसंत दरपत्रकांचें काम त्या वर्षाची हिशेबतपासणी पुरी होऊन आक्षेप मिटले कीं संपतें. पुस्तक परत करण्याविषयींचीं स्मरणपत्रें पुस्तक परत आल्याबरोबर निरुपयोगी होतात. बिलांचें आयुष्य थोडें अधिक. १९९४ सालीं स्थापन झालेली ‘नॅक’ ही मूल्यांकन-परिषद कॉलेजकडे मागील पांच वर्षांची माहिती पुराव्यासह मागते. अनुदानाचे तंटे तर याहूनही लांबतात. तेव्हां बिलें दहा वर्षें ठेवणें शहाणपणाचें. अनामतीची वही शेवटच्या विद्यार्थ्याची रक्कम निकालांत निघेपर्यंत हलवूं नये.

दाखल-नोंदवहीची गोष्ट मात्र अगदीं निराळी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत एके काळीं मुंबई सरकारनें जमविलेल्या हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह होता. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृति पंडितांनीं गांवोगांवहून पोथ्या मिळवून तो वाढविला. पोथी हातीं आली म्हणजे ज्या सालीं ती मिळाली त्या सालाच्या यादींत तिला एक क्रमांक पडे. काम निव्वळ कारकुनी. पुढें १९१८ सालीं हा संग्रह भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. खुद्द डेक्कन कॉलेज १९३४ सालीं बंद पडलें आणि १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें. इतकी स्थित्यंतरें झालीं, तरी आजही देशोदेशींचे विद्वान् त्या पोथ्यांचा निर्देश ‘अमुक सालच्या संग्रहांतील अमुक क्रमांकाची पोथी’ असाच करतात. पोथ्यांच्या एका गटास तर ‘विश्रामबाग’ हें नांव अद्यापि चिकटलेलें आहे. १८२१ सालीं ज्या वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली त्या वाड्याचें तें नांव! शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं कोणा लेखनिकानें टांकानें लिहिलेला आंकडा त्या पोथीची ओळख होऊन बसला आहे.

साध्या क्रमिक पुस्तकाच्या नोंदीला एवढें भाग्य लाभावयाचें नाहीं, हें खरें. तरी पुस्तक कोणत्या दिवशीं आलें, कोणाकडून आलें, किंमत काय पडली आणि शेवटीं तें कां बाद झालें, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून दाखल-नोंदवही, बाद पुस्तकांचे ठराव, देणगीपत्रें आणि समितीचीं इतिवृत्तें हीं ग्रंथालय उभें आहे तोंवर ठेवावयाचीं, आणि तें मोडलें तर संग्रहाबरोबर पुढील धन्याच्या हवालीं करावयाचीं.

तीं पुस्तकांच्याच दालनांत ठेवणें मात्र धोक्याचें. २४ जानेवारी १७६४ च्या रात्रीं अमेरिकेंतील हार्वर्ड कॉलेजची ग्रंथालय असलेली इमारत जळून सुमारें पांच हजार ग्रंथांची राख झाली. त्या वेळीं बाहेर असलेले कांहीं ग्रंथ तेवढे वांचले. अशा प्रसंगीं गेलें काय आणि राहिलें काय, हें सांगणारी यादीही त्याच आगींत जळाली तर पुढें हातांत कांहींच उरत नाहीं. पुणेकरांस आगीऐवजीं पाण्याचें उदाहरण जवळचें वाटेल. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेकांठच्या पेठांतून कागदांचा काय चिखल झाला, तें पाहिलेले लोक अजून आहेत. नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या इमारतींत असावी.

मोजणीच्या याद्यांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण त्यांत माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणें वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण मोजणी दरवर्षीं व्हावी. पन्नास हजारांपर्यंत असल्यास तीन वर्षांतून एकदां तरी. त्यापुढें तीन वर्षांच्या आंत नमुन्यादाखल मोजणी पुरते. याच नियमांत असेंही म्हटलें आहे, कीं वर्षभरांत वाचकांनीं हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागें पांच गहाळ झाले, आणि त्यांत लबाडी किंवा हयगय नसली, तर ती तूट वाजवी समजावी. खासगी कॉलेजांस हे नियम थेट लागू नसले, तरी न्याय्य माप म्हणून त्यांकडे बोट दाखवितां येतें. पण देवघेवीचा वार्षिक आंकडाच रद्दींत गेला असेल, तर हजारीं पांच हा हिशेब कशावर करावयाचा? तीस वर्षें इमानानें नोकरी केलेल्या ग्रंथपालानें चार्ज देतांना आपला निर्दोषपणा सिद्ध करावयाचा कशानें? देवघेवीच्या वार्षिक बेरजा आणि मोजणीचे अहवाल कायम ठेवावेत तें यासाठीं.

बेरजा ठेवावयाच्या, नांवांचें काय? खरी अडचण येथें आहे. इतिहासकार म्हणतील, एकही वही नष्ट करूं नका. त्यांच्या म्हणण्यांत जोर आहे. न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीची जुनी देवघेव-वही १९३४ सालीं सांपडली, आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या नांवावर ५ ऑक्टोबर १७८९ रोजीं नेलेला व्हॅटेलचा राष्ट्रांच्या कायद्यावरील ग्रंथ परत आलाच नसल्याचें उघडकीस आलें. २०१० सालीं त्याच आवृत्तीची दुसरी प्रत लायब्ररीस देण्यांत आली! आपल्याकडेही पेशव्यांच्या कचेरींतील रोजच्या जमाखर्चाचे व पत्रांचे रुमाल राहिले, म्हणूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग छापतां आले.

तथापि अठरा वर्षांची एखादी विद्यार्थिनी आपल्या आजाराविषयींचें, धर्मशंकेचें किंवा सरकारवर टीका करणारें पुस्तक घरीं नेते, तेव्हां तें कोणाला कळावें यासाठीं नेत नाहीं. कोण काय वाचतो याची यादी दहा वर्षें पडून राहिली, कीं ती पाहूं इच्छिणारा कोणी तरी निघतोच. पुस्तक परत आलें, येणें फिटलें आणि त्या वर्षाची तपासणी झाली, कीं नांवें पुसलीं पाहिजेत. २०२३ सालीं संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचें तत्त्वही हेंच आहे. विषयवार बेरजा राहिल्या म्हणजे उद्यांच्या अभ्यासकाचें पुष्कळसें भागेल. ज्या वह्यांतील वाचकांपैकीं आज कोणी हयात असणें शक्य नाहीं, त्या जुन्या वह्या मात्र आनंदानें जपाव्यात.

संगणकानें हा सारा गुंता सोडविला असें पुष्कळांस वाटतें. पण त्यानें तो वाढविला आहे. वहीची शाई शंभर वर्षें टिकते, संगणकाची प्रणाली दहा वर्षांत बदलते, आणि जुन्यांतील नोंदी नव्यांत उतरतांना अर्ध्यामुर्ध्या राहतात. उलट ज्यांचा मागमूस राहूं नये तीं वाचकांचीं नांवें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नसतां तेथें सांठून राहतात. दरवर्षींची दाखल-यादी कागदावर छापून, सही-शिक्का करून बांधून ठेवावी, आणि नांवें काढून टाकण्याचें काम त्याच दिवशीं उरकावें.

मे महिन्याची सुटी यास सोयीची. काढावयाच्या कागदांची यादी ग्रंथपालानें करावी, हिशेबतपासनिसांस विचारावें, समितीनें ठराव करावा. नांवें असलेले कागद रद्दीवाल्यास न देतां बारीक फाडावेत, नाहीं तर ते भेळवाल्याच्या पुड्यांवर गांवभर हिंडतात. काय नष्ट केलें, केव्हां केलें आणि कोणत्या ठरावानें केलें, याची यादी दाखल-नोंदवहीशेजारीं त्याच कपाटांत ठेवावी.