वेसकर आणि गेटकीपर

(नाचणगाव येथील बैठकीत केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. शिव्या तेवढ्या काढल्या.)



मी मुंबईला गोदीत हमाली करतो. शिक्षण मॅट्रिक. आज एका इंग्रजी शब्दावर बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतले दोन मास्तर हसले. हसू द्या. इंग्रजी आम्हालाही येते, फक्त आमची इंग्रजी खोक्यांवर छापलेली असते. कुठली बाजू वर ठेवायची, काय सांभाळून उचलायचं, एवढं आम्ही पाठीवर घेऊन वाचलेलं आहे.

शब्द आहे गेट. साधा शब्द. पुलगावच्या डेपोला गेट आहे, रेल्वेच्या फाटकावर गेटमन आहे, आपल्या म्हाताऱ्यासुद्धा 'गेट लाव रे' म्हणतात. गोदीत तर गेटाला रंग आहेत. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. यलो गेटच्या नावाचं पोलीस ठाणंच आहे. आमचे पत्ते गेटावर चालतात. कुठं भेटशील? ऑरेंज गेटला. सकाळी पास दाखवून आत, संध्याकाळी झडती देऊन बाहेर. युनियनची सभा ती गेट मीटिंग. काम नसलं की माणूस गेटाबाहेर उन्हात.

तर मागच्या वर्षी आपल्या अंकाच्या कामाला आम्ही सहाजण बसलो होतो. एक कॉलेजातला मित्र म्हणाला, 'मराठी साहित्यात गेटकीपर फार झालेत.' मी म्हटलं, बरं झालं, आपल्या वस्तीतल्या पोरांना तिथं तरी नोकऱ्या लागल्या. सगळे खो खो हसले. मी विनोद केला नव्हता. माझ्या डोक्यात गेटकीपर म्हणजे खाकी ड्रेस, शिट्टी, मोडकी प्लास्टिकची खुर्ची आणि रात्रपाळी. माझ्या बापानं आठ वर्षं तेच केलं. मित्र म्हणाला, 'तसा नाही रे, लाक्षणिक अर्थानं.' त्या लाक्षणिकानं माझी झोप उडवली.

मग मी विचारत सुटलो. त्या मित्रानंच सांगितलं. कुर्ट लेविन नावाचा एक ज्यू शास्त्रज्ञ होता. हिटलर आला तेव्हा १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने अभ्यास केला की घराच्या ताटात अन्न कसं येतं, आणि कुठलं येणार हे कोण ठरवतं. जो ठरवतो त्याला त्याने गेटकीपर म्हटलं. पुढे १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या माणसाने एका अमेरिकन वृत्तपत्राच्या संपादकाला धरलं. त्याचं खरं नाव झाकून त्याला 'मिस्टर गेट्स' म्हटलं. आठवडाभर तारेवरून आलेल्या मजकुरापैकी या गेट्ससाहेबाने साधारण नऊ-दशांश फेकून दिला. का फेकला ते प्रत्येक कागदावर त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं, आणि ती कारणं वाचली तर बरीचशी म्हणजे साहेबाची आवडनिवड.

म्हणजे इंग्रजीत गेटकीपर हा सत्तेचा माणूस झाला. नाहीतर या शब्दाचे इतर लाक्षणिक अर्थ किरकोळ आहेत. वॉशिंग्टनमध्ये वॉटरगेट नावाची इमारत, तिथं १९७२ साली चोरी झाली, १९७४ साली निक्सनची खुर्ची गेली, तेव्हापासून कुठल्याही लफड्याच्या शेपटीला गेट लावतात. त्यात आपल्याला काही नाही. एक मात्र सांगतो. किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात वाकून जायचं लहान दार असतं, आपण त्याला दिंडी दरवाजा म्हणतो. इंग्रजीत ते विकेट. क्रिकेटची विकेट तिथूनच आली, दोन दांड्या आणि वर आडवी, छोटं फाटकच ते. आपला पालवणकर बाळू, चांभाराचा पोरगा, १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. पण आधी पुण्यात खेळायचा तेव्हा त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदानातली फाटकं पाडायला परवानगी, पॅव्हेलियनचं उघडायला नाही. (हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि हरला. ती गोष्ट वेगळी, पण लपवायची नाही.)

आता आपल्या शब्दाकडे येतो, कारण माझं भांडण तिथंच आहे.

गेटकीपरला मराठीत शब्द आहे. वेसकर. गावाची वेस राखणारा. रात्री वेस लावायची, पहाटे उघडायची, परका आला तर हटकायचं, पाटलाला वर्दी द्यायची. आणि हा वेसकर कोण? महार. राहतो कुठं? वेशीच्या बाहेर. जगातला हा एकच गेटकीपर असेल, ज्याच्या हातात दार आहे आणि ज्याचं घर दाराबाहेर आहे. दार लावून झालं की हा स्वतः बाहेर. लांडगा आला, दरोडेखोर आला, तर पहिला घाव याच्यावर.

देशावर वेसकर, आपल्या नागपूर-वर्ध्याकडे कोतवाल. हा शब्द तर आणखी बेरकी. कोट्टपाल, म्हणजे कोटाचा, किल्ल्याचा राखणदार. दिल्लीच्या बादशाहीत कोतवाल म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, त्याच्या नावानं लोक थरथरायचे. सैंया भये कोतवाल, अब डर काहे का, ती म्हण त्याची. तोच शब्द आमच्या वस्तीत आला आणि दवंडी पिटू लागला. माझी आजी सांगायची, 'तुह्या आज्याच्या बापानं कोतवाली केली बाप्पा. गाव झोपे तवा हा जागे, गाव जेवे तवा हा दारात उभा राहे. साहेब आला की घोड्याच्या म्होरं पये.' मी विचारलं, मग सैंया कोतवाल झाल्यावर भीती गेली नाही का? आजी म्हणाली, 'भेव कायचं जाते. भेव तं त्याच्याच घरी राहे.'

या गावाचंच घ्या. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरात नाचणगावची नोंद आहे. गावात किल्ल्यासारखी दगडी भिंतीची सराय होती, भक्कम दाराची, आणि पेंढाऱ्यांच्या धाडीत लोकांनी तिच्या आडोशाने आपला बचाव केला. वाचून छाती फुगते, आपलं गाव लढलं. मग रात्री पडल्या पडल्या डोक्यात येतं, त्या दिवशी दार लावलं तेव्हा कोतवाल कुठल्या बाजूला होता? गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला हा प्रश्न पडलेला नाही. कोतवालाच्या पणतूलाच पडणार.

चोखोबाचं सांगायला नको. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला नेलं, कुसू कोसळलं, त्याखाली गेला. १३३८ साल सांगतात. ज्या भिंतीनं त्याला बाहेर ठेवलं तीच त्याच्या अंगावर पडली. समाधी कुठं मिळाली? पंढरपूरला, विठ्ठलाच्या महाद्वारासमोर. मेल्यावरही दाराशीच. आणि आपल्या लोकांना त्या महाद्वारातून आत जायला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

आपल्या जिल्ह्यात लोक अभिमानानं सांगतात की वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ सालीच अस्पृश्यांना उघडलं. खरं आहे, उघडलं. चांगलं केलं, मी नाकारत नाही. पण त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात काय चाललं होतं ते कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं होतं. महाराला चोवीस तास सरकारच्या आणि गावाच्या दाराशी बांधणारं ते वतन. एकीकडे सेठजी दार उघडत होते, दुसरीकडे बाबासाहेब दाराशी बांधलेल्या माणसाचा दोर कापत होते. मुंबई राज्यात तो दोर कायद्याने कापला गेला तो १९५८ साली. तीस वर्षं! दार उघडायला एक सकाळ पुरते.

आणि १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया, पहिली तुकडी, मंदिराच्या चारही दरवाजांवर बसली. आतल्यांनी दारं लावून घेतली. देवसुद्धा कोंडला गेला! हजारो वर्षं बाहेर राखणीला उभा केलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी दाराशी बसला.

आता गोदीतलं एक गेट तुम्हाला दाखवतो. रंगाचं नाही, पाण्याचं.

इंदिरा डॉक, पूर्वीचं अलेक्झांड्रा, १९१४ साली सुरू झालं. ही गोदी म्हणजे पाण्याचं मोठं हौदच. बाहेर समुद्राला भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी कितीतरी वर-खाली होतं. गोदीतलं पाणी असं हललं तर बोटीतला माल चढवणार-उतरवणार कसा? म्हणून तोंडाशी लॉक आहे. लॉक म्हणजे कुलूप नव्हे, दोन गेटांच्या मधली लांब खोली. बाहेरची बोट आधी या खोलीत घ्यायची. मागचं गेट लावायचं. मग आतलं पाणी खोलीत सोडायचं, खोलीतली पातळी आणि गोदीतली पातळी एक होईपर्यंत थांबायचं. नंतर पुढचं गेट उघडायचं. पातळी एक नसताना ते उघडतच नाही. पाण्याचा दाबच उघडू देत नाही. जबरदस्तीनं उघडलं तर गेट मोडेल, बोट आपटेल, काठावरची माणसं मरतील.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हातातला हूक तसाच राहिला. मुकादम ओरडला, 'ए कवी, झोपला काय!'

माझ्याबरोबर दहावीला असलेला एक मुलगा इंजिनिअरिंगला गेला, आरक्षणातून. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एकानं त्याला विचारलं, 'बॅकडोअर का?' बघा, हाही दाराचाच शब्द, आणि तोही लाक्षणिक. मागच्या दारानं म्हणजे चोरासारखा. तो मुलगा मला गोदीवर भेटायला आला, चहाच्या टपरीवर रडला. मी त्याला नेऊन लांबून लॉक दाखवलं. म्हटलं, ही बोट बघ, हजारो टनांची असेल, तिला कोणी बॅकडोअर म्हणत नाही. ती खोलीत थांबते, पाणी चढतं, मग आत येते. हेच या गोदीचं पुढचं दार आहे, दुसरं दार नाहीच. तो म्हणाला, 'हे मी वर्गात कसं सांगू?' मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही सुचलं.

आता शेवटचं, आणि हे सांगायलाच मी आलो.

हल्लीची शहरातली पोरं एकमेकांना म्हणतात, 'गेटकीप नको करू.' आणि त्याच पोरांच्या टॉवरच्या गेटावर आपला माणूस बसलेला असतो, बारा तासांच्या पाळीला, वहीत गाड्यांचे नंबर लिहीत. तो कोणालाच अडवू शकत नाही, वरून फोन आला की उघडतो. खरा गेटकीपर फोनवर असतो. मी माझी पहिली कविता एका मासिकाला पाठवली होती. नाव सांगत नाही. परत आली. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: भाषा शुद्ध करून पाठवावी. मिस्टर गेट्ससारखंच, कारण लिहून. ती पेन्सिल वर्षभर माझ्या बरगडीत रुतून होती. त्या रागातून मी आपल्या अंकाच्या कामाला लागलो. आपल्याला गेट नको, सांचीसारखं तोरण पाहिजे असं मीच मोठ्या तोंडानं म्हणालो होतो. चार दिशांना चार तोरणं, फळी नाही, कडी नाही, कोयंडा नाही.

मग दिवाळीच्या आधी कवितांचा गठ्ठा माझ्याकडे आला. त्यात या गावातून आलेली एक शंभर पानी वही होती. एका बाईची. शेतमजूर. पहिलं पान बघितलं, ओळी ओव्यांसारख्या, जात्यावरच्या, मधेच सासूचं गाऱ्हाणं. क्रांती नाही, शिवी नाही, बाबासाहेबांचं नाव नाही. मी वहीवर पेनानं लिहिलं: आशय विद्रोही नाही. आणि गठ्ठ्याच्या खाली टाकली. दुसरं पान उलटलं नाही.

कोतवालाचा पणतू. पासावर फोटो असलेला हमाल. मला पेन मिळायला एक वर्षही झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात खोली बदलताना वही सापडली. सबंध वाचली. पानं नऊ ते चौदा, तिथं विहिरीची गोष्ट आहे. ती मी सांगणार नाही. माझं अक्षर पहिल्या पानावर आहे, ते खोडलेलं नाही, तसंच ठेवलंय, सगळ्यांनी बघावं म्हणून.

त्या बाई आज इथं आहेत. मागे दाराशी बसल्या आहेत. मघा मी दोनदा पुढे या म्हटलं, आल्या नाहीत.

ताई, वही माझ्या हातात आहे. मी खाली बसतो. पान नऊपासून तुम्ही वाचा.