लोहाऱ्याचे ले-आउट आणि लेकींचे नकाशे

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे. शहर वाढते तसे अशा गावांतील शेतांचे ले-आउट होतात आणि सातबाऱ्यावरील जमीन भूखंडाच्या भावाने बोलू लागते. या बांधकामांवर घमेली वाहणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. नकाशा काढणारा, ओळंबा धरणारा गवंडी आणि भूखंडाचा सौदा जुळविणारा मात्र बहुधा पुरुषच असतो.

स्त्रियांना ही विद्या येत नाही, असे म्हणण्यास आधार नाही. पेरिन जमशेटजी मिस्त्री यांनी १९३६ साली मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातून वास्तुशास्त्राची पदविका घेतली. त्यांचे वडील स्वतः वास्तुविशारद होते. पेढीचे दार घरातूनच उघडे होते, हे विसरता येत नाही. पुढे प्रवीणा मेहता यांनी चार्ल्स कोरिया व शिरीष पटेल यांच्यासमवेत खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना मांडली. ती १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यातूनच पुढे नवी मुंबई आकारास आली.

लोहाऱ्याच्या मुलीला वडिलांची पेढी नसते. तिच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनातील पदविका आहे. परंतु दहावीनंतर तिने विषय काढला की, “साइटवर उन्हात कोण उभे राहणार?” असे घरचेच विचारतात. त्याच उन्हात गावातल्या कितीतरी मुलींच्या आया घमेले घेऊन उभ्या असतात!

भूखंड व सदनिकांच्या व्यवहारातही आता केवळ ओळखीपाळखीवर भागत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार नोंदणीकृत प्रकल्पांची विक्री करणाऱ्या मध्यस्थास नोंदणी आवश्यक आहे, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे. चावडीवरच्या बैठकीत ज्या बाईला जागा नव्हती, तिला या परीक्षेला बसण्यास कोणाची आडकाठी नाही. कागदपत्रे नीट वाचणारी शिकलेली सून या कामात कोठेही कमी पडणार नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुल सामान्यतः पत्नीच्या किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे मंजूर होते. याच योजनेत गवंडी प्रशिक्षणाचीही सोय आहे. झारखंडात ‘राणी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी शौचालये बांधून दाखविली. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते, त्याच बैठकीत गवंडीकामाच्या प्रशिक्षणासाठी स्त्रियांची नावे विचारता येतील. घमेल्याची मजुरी आणि गवंड्याची मजुरी यांतील अंतर त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.