ग्राफिक कार्डाची पारख



२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी सायवनला होतो. संध्याकाळी एक गृहस्थ माझ्याकडे आले, ओटीवर टेकले आणि बराच वेळ आंब्याच्या, पावसापाण्याच्याच गोष्टी बोलत राहिले. यांच्या मनात काही वेगळेच आहे, हे मी ओळखले. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, आमचा थोरला दोन लाख चौदा हजारांची वस्तू घ्यायची म्हणतोय. कंपूटरात बसवायची पाटी. एवढ्या पैशात काय काय येतं ते मला ठाऊक आहे. ही पाटी काय करते, तेवढं तुम्ही सांगा."

मुलगा बोईसरला कारखान्यात कामाला. तीन वर्षांत पोटाला चिमटा घेऊन त्याने एक लाख दहा हजार रुपये साठवले होते आणि उरलेले हप्त्याने फेडायचा त्याचा बेत होता. पोर व्यसनी नाही, उडाणटप्पू नाही. संगणकावर खेळ खेळतो, आणि सुट्टीच्या दिवशी वारली चित्रातली माणसे पडद्यावर चालवून, नाचवून पाहतो. अशा मुलाला "खुळा झालास काय?" म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुद्दाम ऐकावे, कारण हाच प्रश्न हल्ली वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही येतो आणि आपण फळ्याकडे वळतो.

ग्राफिक कार्ड म्हणजे संगणकातला चितारी. पडद्यावर दिसणारे चित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. मुलांना गुणाकार करायला सांगा, २०,७३,६०० येतील. ज्याला फोर-के म्हणतात त्या मोठ्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. बरोबर चौपट. आणि खेळात हे सगळे चित्र सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने काढायचे असते.

ते कसे काढतात, हे डहाणू तालुक्यात समजावणे इतर कोठल्याही मुलखापेक्षा सोपे आहे. आपल्याकडे लग्नाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणूस काढतात तो कसा? एक त्रिकोण उलटा, एक सुलटा, टोकाला टोक जोडलेले, वर डोक्याचा गोल. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही त्रिकोणांची माणसे जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तर ग्राफिक कार्डही त्रिकोणच काढते. खेळातला योद्धा, त्याचा घोडा, मागचा डोंगर, डोंगरावरचे झाड, सगळे लहानलहान त्रिकोणांचे. आपल्या माणसाला दोन त्रिकोण पुरतात, त्यांच्या योद्ध्याला हजारो लागतात, एवढाच फरक. मी हे सांगितले तेव्हा मुलाच्या वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण प्रथमच थोडा उतरला.

आता महाग आणि स्वस्त यांत फरक कशाचा? पावसाळ्यात भाताची आवणी चालते ती डोळ्यांपुढे आणा. एकटा माणूस कितीही चलाख असला तरी सगळे शेत लावू शकत नाही. तिथे रांगेने वाकलेले वीस जण लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो चलाख माणूस, आणि ग्राफिक कार्ड ही लावणाऱ्यांची रांग. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०९० या कार्डात असे २१,७६० हात आहेत, खालच्या ५०८० मध्ये १०,७५२. पण नुसते हात असून भागते का? रोपांच्या जुड्या बांधावर हव्यात, आणि त्या हातोहात पोचवणारी माणसे हवीत. बांधावरची जागा म्हणजे कार्डाची मेमरी: ५०९० ची ३२ जीबी, ५०८० ची १६. जुड्या पोचवण्याचा वेग ५०९० मध्ये सेकंदाला १,७९२ जीबी, ५०८० मध्ये ९६०. म्हणजे हात दुप्पट, जागा दुप्पट, वाहतूक जवळजवळ दुप्पट. किंमतही दुप्पट: जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने भारतासाठी ५०९० ची २,१४,००० आणि ५०८० ची १,०७,००० रुपये जाहीर केली होती. बाजारभाव त्यानंतर हलत राहिले, तेव्हा घेणाराने त्या दिवसाचा भाव विचारावा.

मग काम दुप्पट होते का? नाही. फोर-के पडद्यावर ५०९० हे ५०८० च्या साधारण दीडपट चित्रे काढते. साध्या १,०८० च्या पडद्यावर तर दोघांत फरक फारच थोडा उरतो. कारण शेत लहान आणि माणसे फार. शिवाय मुख्य प्रोसेसर जेवढ्या वेगाने हुकूम सोडील तेवढ्याच वेगाने रांग चालणार.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न केला, "तुझा पडदा केवढा?" तो जरा चाचरला. त्याचा मॉनिटर १,०८० चा, आणि सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा. म्हणजे कार्डाने दोनशे काढली तरी त्याच्या डोळ्यांपर्यंत साठच पोचणार. दोन लाख चौदा हजारांची रांग त्याने परसातल्या वाफ्यात उतरवली असती. पोरगा हुशार. तो एवढेच म्हणाला, "हे दुकानात कुणी बोललंच नाही, सर."

दुकानात बोलत नाहीत आणि जाहिरातीत तर त्याहून बोलत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी व्यासपीठावरून सांगितले की, आमचे ५४९ डॉलरचे नवे ५०७० हे १,५९९ डॉलरच्या जुन्या ४०९० एवढे काम देईल. ऐकणाऱ्याला वाटावे, घबाडच मिळाले. यातली मेख समजून घ्या. नवी कार्डे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाची चित्रे भरतात. हालचाल त्यामुळे गुळगुळीत दिसते, हे खरे. पण मधल्या चित्रांना तुमच्या हाताचा हुकूम ठाऊक नसतो. तुम्ही कळ दाबली की उत्तर येते ते पुढच्या खऱ्या चित्रात. ही भरलेली चित्रे धरून तो हिशेब होता. खऱ्या चित्रांशी खरी चित्रे ताडली तर ५०७० हे ४०९० च्या बरेच मागे राहते. शिवाय त्याची मेमरी १२ जीबी आणि जुन्याची २४. मी या अंदाजी चित्रांना वाईट म्हणत नाही. मुळात सेकंदाला साठ-सत्तर खरी चित्रे असतील तर वर ती घ्यावीत, मजा येते. मूळच पंचवीस असतील तर मात्र ते पातळ ताकात पाणी घातल्यासारखे.

तुलना करायची तर खेळ तोच, पडदा तोच, खेळातली मांडणी तीच, बाकीचा संगणकही तोच ठेवून फक्त कार्ड बदलायचे. शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगासारखेच आहे हे. आणि नुसत्या सरासरीवर जाऊ नये. वर्षाचा पाऊस सरासरीने चांगला पडला, पण ऑगस्टात तीन आठवडे ओढ दिली, तर भात करपतेच ना? तसेच खेळ ऐन चकमकीत अडखळतो तेव्हा सरासरी कामाला येत नाही. चांगले परीक्षक म्हणूनच सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा आकडा वेगळा देतात. आधी तो पाहावा.

विजेचे सांगतो, कारण घेणाराच्या ध्यानात ते सर्वांत शेवटी येते. ५०९० पूर्ण जोराने चालले की ५७५ वॉट ओढते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. हे कार्ड म्हणजे जवळजवळ पाऊण अश्वशक्तीचा पंपच झाला, आणि तो तुमच्या खोलीत, मे महिन्यात! रोज चार तास पूर्ण जोराने चालवले तर २.३ युनिट, महिन्याला ६९ युनिट, तेही एकट्या कार्डाचे. त्याच्यासाठी एसएमपीएस १,००० वॉटचा लागतो. ५०८० ला ३६० वॉट पुरतात, ५०७० टीआय नावाच्या त्याखालच्या कार्डाला ३००. डहाणूच्या किनाऱ्यावर १९९५ पासून ५०० मेगावॉटची वीज तयार होते, पण ती मुंबईच्या उपनगरांना जाते. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कसे नाचते ते तुम्ही जाणताच. चांगला यूपीएस नसेल तर असल्या यंत्राच्या वाटेस जाऊ नये. आणि वायर खोचताना खटका बसेपर्यंत खोचावी. २०२२ साली ४०९० कार्डांचे जोड वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, त्यांत वायर अर्धवट खोचल्याची उदाहरणे बरीच निघाली.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून हौसेने कार्ड आणले. दुकानदार म्हणाला, "लावा आणि खेळा." लावले, खेळ सुरू केला की संगणक फुंकर घातलेल्या दिव्यासारखा पट्‌कन विझे. कार्ड सदोष समजून मी दोन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला दुसऱ्याच एका पोरसवदा कारागिराने सांगितले की, माझा एसएमपीएस त्या कार्डाला पुरतच नाही. दुकानदाराने विचारले नाही हे खरे, पण मी तरी कुठे विचारले होते?

मुलाच्या वडिलांनी मग एक प्रश्न केला, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. "पाच वर्षांनी याचं काय मोल राहील?" नवी पिढी साधारण दोन वर्षांनी येते: ३०९० आले सप्टेंबर २०२० मध्ये, ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये, ५०९० जानेवारी २०२५ मध्ये. ३०९० ची किंमत तेव्हा १,४९९ डॉलर होती. खेळापुरते पाहिले तर तेवढेच काम २०२५ साली ५४९ डॉलरचे ५०७० करू लागले. मेमरी मात्र जुन्याची दुप्पट होती, तेवढे त्याच्या बाजूने म्हणावे. वडील काही बोलले नाहीत. बोटे मोजीत बसले.

उरला प्रश्न दुसऱ्या कंपनीचा. एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी मार्च २०२५ मध्ये ५९९ डॉलरला आले. मेमरी १६ जीबी, वीज ३०४ वॉट. ५०७० टीआयची मूळ किंमत ७४९ डॉलर. बहुतेक खेळांत दोघे खांद्याला खांदा लावून चालतात. प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबे काढायची असली की एनव्हिडिया पुढे जाते. नुसते खेळायचे असते तर मी एएमडीच घे म्हणालो असतो, आणि या मताला मी अजून चिकटून आहे. पण मुलगा ब्लेंडर वापरतो, चित्रे हलवण्याचे ते फुकट मिळणारे सॉफ्टवेअर, आणि त्यात एनव्हिडियाची कार्डे स्पष्टपणे जलद आहेत. म्हणून ५०७० टीआय ठरले. साठवलेल्या पैशात ते, २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांचा मॉनिटर आणि नवा एसएमपीएस एवढे बसले. हप्त्याचे नाव निघाले नाही. यूपीएस मुलाने दिवाळीवर ढकलला. ते मला पटले नाही, पण पैसे त्याचे.

खरेदीला बापलेक दोघे गेले. कासा, चारोटी करीत डहाणू रोड, तिथून गाडीने मुंबई, आणि ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. वडिलांनी निघण्यापूर्वी कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून घेतली होती. दुकानदाराने पहिले कार्ड काढून ठेवले, त्याला त्यांनी टेप लावला आणि म्हणाले, "दोन बोटं जास्त आहे." दुकानदार हसला, पण दुसऱ्या कंपनीचे आखूड कार्ड त्याला कपाटातून काढावे लागले. बिल आणि वॉरंटीचा कागद वडिलांनीच पिशवीत ठेवला.

पहिल्या रात्री मी तिथे होतो. मुलाने खेळ लावला नाही. त्याने आपली माणसे काढली. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती फेर धरलेले बायाबापे, आणि फेर फिरू लागला. पूर्वी हेच चित्र अडखळत, झटके खात फिरायचे. वडील मान पुढे काढून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या माणसांची तारप्याकडे पाठ होतेय. तसं नाही नाचत." मुलाने फेर थांबवला आणि पुन्हा कामाला बसला.