मुलीला निर्भय करणारी माणसं



बालविज्ञानसाहित्याच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने वर्षभराच्या लेखनाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मी मात्र आज एका मुलीविषयी बोलणार आहे. ती एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मॉस्कोत राहते आणि तिचं नाव अलिसा सेलेज्न्योवा.

तिचे जनक कीर बुलिचोव, म्हणजेच इगोर मोझेइको. ते पेशाने इतिहासकार, ब्रह्मदेशाचे अभ्यासक आणि मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेत संशोधक होते. संस्थेत बोभाटा नको म्हणून पत्नीचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव जोडून त्यांनी टोपणनाव घेतलं. १९८२ साली पटकथांसाठी राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा ते गुपित फुटलं. नायिकेला नाव दिलं ते आपल्या लहानग्या लेकीचं. अलिसाच्या पहिल्या कथा आल्या १९६५ साली. गागारिन आणि तेरेश्कोवा अंतराळात जाऊन आले होते आणि सोव्हिएत मुलांना आकाश अंगणाइतकं जवळचं वाटत होतं.

त्या पहिल्या कथांचं सामायिक शीर्षकच सांगतं, की या मुलीला काही होणार नाही. मला या कथांचं मर्म इथेच सापडतं. अलिसाकडे जादू नाही, दैवी वरदान नाही. तिच्याकडे आहेत तिच्यावर विश्वास टाकणारी मोठी माणसं.

या कथा सांगतात तिचे वडील, मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख प्राध्यापक सेलेज्न्योव. ते काळजी करतात, धास्तावतात, रागावतातही. पण लेकीची वाट अडवत नाहीत. ब्रोंटोसॉरसचं पिल्लू अन्न सोडतं, तज्ज्ञ हतबल होतात आणि चिमुरडी अलिसा त्याला खाऊ घालून येते. ‘अलिसाचा प्रवास’ या १९७४च्या कादंबरीच्या आरंभी ती चक्क अपराधी आहे. मासे पकडायच्या गळाला चमकतं आमिष हवं, म्हणून तिने शाळेच्या संग्रहालयातला सोन्याचा गोळा उचलला आहे. तरीही दुर्मीळ प्राण्यांच्या शोधात निघालेल्या ‘पेगास’ यानात तिची जागा कायम राहते. चूक करणाऱ्या मुलीलाही ब्रह्मांड पाहण्याचा हक्क आहे, हे बुलिचोव उपदेश न करता सांगतात.

पुढच्या पुस्तकांत अलिसा आणि तिचे वर्गमित्र मॉस्कोच्या गोगोल बुलेव्हारवर स्वतःचं जीवशास्त्र केंद्र चालवतात. तिथे प्रयोग फसतात, प्राणी पळतात, मुलं भांडतात आणि पुन्हा कामाला लागतात. मुलांच्या हाती खरं काम सोपवलेलं असल्यामुळे त्यांचं धाडस उसनं वाटत नाही.

हा विश्वास अलिसा पुढे दुसऱ्यांना देते. ‘शंभर वर्षं पुढे’ या कादंबरीवरून पावेल आर्सेनोव यांनी ‘भविष्यातली पाहुणी’ ही पाच भागांची मालिका केली. ती १९८५ साली दूरचित्रवाणीवर आली आणि नताशा गुसेवाची अलिसा सोव्हिएत घराघरांत पोहोचली. विचार ऐकणारं यंत्र शोधत अलिसा १९८४च्या एका साध्या शाळेत येते. निरोप घेताना ती सहावीतल्या त्या मुलामुलींना, पुढे त्यांच्यातलं कोण काय होणार आहे, ते सांगते. वडिलांनी तिला जे दिलं, तेच ती शंभर वर्षं मागे येऊन या वर्गाला देते. माझ्या मते साऱ्या कथामालेतला हा सर्वांत मोठा पराक्रम आहे.

कुणी म्हणेल, हे तर सोव्हिएत काळाचं स्वप्न. तो देश १९९१ साली संपला. देश संपला, पण बुलिचोव यांनी अलिसाला सोडलं नाही. २००३ साली निधन होईपर्यंत ते तिच्या कथा लिहीत राहिले. मुलांवरचा विश्वास कोणत्याही राजवटीच्या मालकीचा नसतो.

मित्रहो, सोव्हिएत पुस्तकं मराठीत वाचून आपल्या काही पिढ्या वाढल्या. भा. रा. भागवतांनी आपल्याला फास्टर फेणे दिला आणि तो पुस्तकामागून पुस्तकात आपल्यासोबत राहिला. मला तशीच दीर्घकाळ सोबत करणारी मुलगी मराठी विज्ञानकथेत हवी आहे. ती किनवटची असो, वेंगुर्ल्याची असो वा लोणारच्या सरोवरकाठची. तिला चुका करू द्या. मात्र तिला शूर दाखवण्याआधी तिची आई, बाबा, आजी आणि बाई लिहा. तिला दार उघडून देणारी माणसं लिहा. एकट्या मुलीच्या पराक्रमाचं कौतुक करून आपण मोठ्यांची जबाबदारी टाळतो.

अनुवादकांना माझी विनंती आहे, अलिसा थेट रशियनमधून मराठीत आणा. प्रकाशकांनो, मुलगी नायिका असलेल्या विज्ञानकथामालेला सलग काही वर्षं जागा द्या. आणि शिक्षकांनो, शाळेच्या प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कधीतरी एखाद्या सहावीतल्या मुलीच्या हाती द्या. आपण लिहिलेल्या कथा खऱ्या ठरायच्या असतील, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.