विनिपेगमधलं पहिलं वर्ष

घरी इंग्रजी बोलणारी मुलं शाळेत मात्र गणितापासून गाण्यांपर्यंत सगळं फ्रेंचमधून शिकतात, असे वर्ग कॅनडात अनेक शहरांत आहेत. माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्टमध्ये पालकांनी पाठपुरावा करून १९६५ साली असा वर्ग सुरू करून घेतला आणि तिथून ही पद्धत देशभर पसरली.

अशा शाळेत शिकवायला कुणी फ्रान्सहून विनिपेगला येतं, तेव्हा पहिली गाठ पडते थंडीशी. पारा उणे तीसपर्यंत उतरतो. गाड्यांच्या पुढून विजेचा प्लग लोंबत असतो. इंजिन गोठू नये म्हणून रात्री तो जोडून ठेवायचा. मधल्या सुट्टीत वीस-बावीस पोरांना कोट, बूट, मोजे चढवायचे, तेही फ्रेंचमध्ये बोलत. बोटं न सुटलेल्या हातमोज्याला फ्रान्समध्ये ‘मूफ्ल’ म्हणतात, इथे ‘मितेन’. म्हणजे शिकवणाऱ्यालाही आपलीच भाषा थोडी नव्याने शिकावी लागते. मूल इंग्रजीत उत्तर देतं, बाई तेच फ्रेंचमध्ये हळूच परत म्हणतात. दिवसभर हेच. घसा बसतो.

आधार मिळतो तो रेड नदीपलीकडच्या सेंट-बोनिफेसमध्ये. ही फ्रेंच भाषकांची जुनी वस्ती. तिथल्या कॅथेड्रलच्या आवारात मेटी समाजाचा नेता लुई रिएल याची समाधी आहे. फेब्रुवारीत ‘फेस्टिव्हल द्यू व्होयाजर’ भरतो. दुकानात, चर्चमध्ये आपली भाषा कानावर पडली की परकेपणा निम्मा होतो.

तुमच्या गावच्या शाळेतही यंदा बाहेरगावचे नवे शिक्षक आले असतील. त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा.