द्राक्षाच्या वाटेनं इटली



इटलीहून आलेल्या दोन बाटल्या डोळ्यांपुढे आणा. एकीच्या लेबलावर लिहिलंय 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो', दुसरीवर 'व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो'. दोन्हींत तांबडी वाइन, दोन्हींवर मोंतेपुल्चानो. नवख्याला वाटणार, एकाच घरच्या दोघी बहिणी. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पहिल्या बाटलीवरचं मोंतेपुल्चानो हे द्राक्षाच्या जातीचं नाव आहे आणि ही बाटली पूर्व किनाऱ्याच्या आब्रुत्सो प्रांतातली. दुसरीवरचं मोंतेपुल्चानो हे टस्कनीतलं गाव, टेकडीवर वसलेलं. त्या गावच्या वाइनमधलं मुख्य द्राक्ष म्हणजे सांजोवेझे, पण गावकरी त्याला प्रुन्योलो जेंतिले म्हणतात.

अशा देशाच्या वाइनची ओळख करून घ्यायची तर सुरुवात कुठून करायची, याबद्दल आज बोलणार आहे. कुणी पेला हातात धरावाच असा माझा मुळीच आग्रह नाही. ज्याला नकाशे वाचायला आवडतात, शेती आवडते, त्याला हा विषय थेंबही न घेता पुरून उरेल.

इटलीचे प्रांत वीस, आणि विसांतही वाइन होते. वर आल्प्सच्या कुशीत व्हाले द'आओस्ता. खाली दक्षिणेला पान्तेलेरिया नावाचं बेट, ज्याला सिसिलीपेक्षा आफ्रिकेचा ट्युनिशिया जवळ पडतो. या बेटावर वारा इतका की वेल मांडवावर चढवायची सोयच नाही. जमिनीत उथळ खळगा करून त्यात वेल झुडपासारखी बुटकी वाढवतात. ही लागवडीची रीत युनेस्कोनं २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. या दोन टोकांच्या मध्ये ज्या देशी जाती पिकतात, त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

एवढ्या जाती टिकल्या कशा? इटली हा एकसंध देश झाला १८६१ साली. त्याआधी पिएमोंते सव्हॉय घराण्याकडे, टस्कनी ग्रँड ड्यूककडे, दक्षिण नेपल्सच्या बूर्बाँ राजांकडे, आणि व्हेनेतो तर १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात. प्रत्येकाची जकात वेगळी, बोली वेगळी. खोऱ्यातलं द्राक्ष खोऱ्यातच राहिलं आणि त्याला नावही तिथल्या बोलीतलं पडलं. त्यामुळे एकाच द्राक्षाची चार नावं झाली आणि एकच नाव चार द्राक्षांना मिळालं. वेर्नाच्चा हे नाव घ्या. टस्कनीतल्या सान जिमिन्यानोचं वेर्नाच्चा पांढरं, सार्डिनियातल्या ओरिस्तानोचं पांढरंच पण जात निराळी, आणि मार्के प्रांतातलं वेर्नाच्चा चक्क काळं!

म्हणून माझं म्हणणं असं की यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नये. एक द्राक्ष धरावं आणि त्याचा माग काढत नकाशावर चालावं.

नेब्बिओलोपासून सुरुवात करू. वायव्येला पिएमोंते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत, तिथलं हे द्राक्ष. याचा स्वभाव अडचणीचा. कळी लवकर फुटते, म्हणून वसंतातल्या हिमदवाची भीती. मणी पिकतो मात्र उशिरा, ऑक्टोबर उजाडेपर्यंत, म्हणून शरदातल्या पावसाची भीती. ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो ती जागा नेब्बिओलोला द्यायची, असं तिकडचे शेतकरी सांगतात. उरलेले उतार बार्बेरा आणि दोल्चेत्तो या समजूतदार जातींना. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही नामांकित वाइन निव्वळ नेब्बिओलोच्या. बारोलो किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. पेल्यात ओतली तर रंग फिका, विटकरी. बघणाऱ्याला वाटतं, पातळ दिसतेय. घोट घेतला की कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळते. द्राक्षातलं हे तुरट टॅनिन सैल पडावं म्हणून तर एवढा वेळ द्यायचा.

आता हेच द्राक्ष घेऊन स्वित्झर्लंडच्या सीमेकडे सरका. अद्दा नदीचं व्हाल्तेल्लिना खोरं आल्प्समध्ये पूर्व-पश्चिम पसरलंय, त्यामुळे उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर दिवसभर दक्षिणेचं ऊन पडतं. तिथं दगडी ताली रचून, हातानं माती भरून बागा उभ्या केल्या आहेत. वेल नेब्बिओलोचीच, पण तिथं तिचं नाव कियाव्हेन्नास्का. वाइन बारोलोपेक्षा अंगानं हलकी, सुवास तोच. या दोन जागा कळल्या की माती, ऊन आणि उंची द्राक्षाला काय करतात हे नीट समजतं.

आता सांजोवेझे. या द्राक्षापाशी थोडं थांबायला हवं, कारण वाइनच्या कायद्याची सगळी गंमत इथंच आहे.

टस्कनीत फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधला डोंगराळ मुलूख म्हणजे कियांती. मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोझिमोनं १७१६ सालीच हुकूम काढून कियांतीची हद्द आखून दिली होती. नंतर तिथल्या ब्रोलियो गढीत बेत्तिनो रिकासोली नावाचे बॅरन राहत. पहिले पंतप्रधान काव्हूर यांच्यानंतर एकसंध इटलीचे पंतप्रधान झाले ते हेच. राजकारणातून सवड काढून ते द्राक्षांवर प्रयोग करत. १८७२ साली पिसाच्या एका प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कियांतीचं प्रमाण मांडलं. मुख्य द्राक्ष सांजोवेझे, त्याचा करडेपणा मऊ करायला कानायोलो, आणि रोजच्या जेवणातली हलकी वाइन हवी असेल तरच त्यात पांढरी माल्वाझिया. टिकवून ठेवायच्या वाइनमध्ये पांढरं द्राक्ष नको, हेही त्यांनी बजावलं होतं.

पुढं १९६३ साली सरकारनं कायदा केला. अमुक नाव लावायचं तर द्राक्षं अमुक हद्दीतली, अमुक जातींची, आणि हेक्टरी उतारा अमुकपेक्षा जास्त नको. याला म्हणतात डीओसी. कियांतीचे नियम १९६७ साली आले आणि त्यांत रिकासोलींचा इशारा बाजूलाच राहिला. तांबड्या कियांतीत किमान दहा टक्के पांढरी द्राक्षं हवीतच, तीस टक्क्यांपर्यंत चालतील, असं ठरलं. शेतांत पांढऱ्या त्रेब्बियानोच्या वेली मुबलक होत्या, त्या खपायला हव्या होत्या. वाइन पातळ झाली, आणि गवताच्या विणीतली गोलमटोल बाटली तेवढी जगभर प्रसिद्ध झाली.

काही उत्पादकांनी मग कायद्याची वाटच सोडली. फ्लॉरेन्सच्या आंतिनोरी घराण्यानं 'तिन्यानेल्लो' काढली, १९७५ पासून त्यात पांढरं द्राक्ष अजिबात घातलं नाही आणि सांजोवेझेला फ्रेंच काबेर्नेची जोड दिली. समुद्राकडच्या बोल्गेरीत त्याआधीच, १९६८ च्या हंगामापासून, मुख्यतः काबेर्नेचीच 'सास्सिकाया' बाजारात आली होती. कायद्याच्या दप्तरी या दोन्ही वाइनचा दर्जा सर्वांत खालचा, साधी टेबल वाइन. किंमत मात्र कियांतीच्या कितीतरी वर! शेवटी कायद्यालाच नमतं घ्यावं लागलं. १९९२ मध्ये अशा वाइनसाठी वेगळा वर्ग निघाला, १९९६ पासून कियांती क्लास्सिकोत, म्हणजे कियांतीच्या मूळ मुलखातल्या वाइनमध्ये, निव्वळ सांजोवेझे चालू लागलं आणि २००६ पासून तिथं पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आली. थोडक्यात, बाटलीच्या गळ्यावरची सरकारी पट्टी वाइन कुठली आणि कशाची ते सांगते. वाइन चांगली आहे का, हे बनवणाऱ्याच्या नावावरून शोधावं लागतं.

दक्षिणेत वेळेअभावी भराभर जाते. नेपल्सच्या पाठीमागच्या डोंगरांत आणि बाझिलिकातातल्या व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारांवर आल्यानिको पिकतं. दक्षिणेतलं असूनही त्याची तोड कधी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबते. सिसिलीत एत्ना मात्र जागा ज्वालामुखी. त्याच्या उत्तर अंगाला काळ्या लाव्ह्याच्या ताली बांधून सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत नेरेल्लो मास्कालेझेच्या बागा आहेत. ती वाइनही रंगानं फिकी, बारोलोची आठवण करून देणारी. पुल्यातलं प्रिमितिव्हो आणि कॅलिफोर्नियातलं झिनफांडेल ही एकच जात. तिचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर सापडलं ते २००१ साली, अमेरिकी शास्त्रज्ञ कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेबचे संशोधक यांनी डीएनए ताडून पाहिल्यावर.

द्राक्षजातींच्या या श्रीमंतीतलं बरंच गमावलंही गेलंय. फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड १८७९ साली इटलीत दिसली आणि पुढच्या काही दशकांत बागांमागून बागा उपटाव्या लागल्या. उपाय एकच निघाला, अमेरिकी वेलीच्या खुंटावर कलम बांधायचं. आपले द्राक्षबागाईतदार खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी डॉगरिजचा खुंट वापरतात, तिकडे खुंट आला तो या किडीमुळे. नव्यानं लागवड करायचीच तर भरपूर उतारा देणारी जात लावू, असं पुष्कळांनी ठरवलं आणि नाजूक देशी जाती मागे पडल्या. नंतर १९८६ मध्ये स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉलची भेसळ होऊन वीसेक माणसं दगावली. निर्यात कोसळली. त्या धक्क्यानंतर ढिगानं विकण्यापेक्षा निगुतीनं करण्याकडे अनेकांचा कल वळला. त्याच दशकात पिएमोंतेतल्या तोर्तोनाजवळ वॉल्तेर मास्सा या शेतकऱ्यानं तिमोरास्सो हे जवळजवळ संपलेलं पांढरं द्राक्ष पुन्हा लावायला घेतलं. आज त्याचा शेजारपाजारही तेच लावतो.

इथं बसून हे सगळं शिकायचं तर बाटल्या महाग पडतात, हे खरं. एकट्यानं विकत घेण्याच्या फंदात पडू नये. चौघांनी मिळून एकाच द्राक्षाच्या, वेगळ्या गावच्या दोन बाटल्या आणाव्यात, नकाशा शेजारी उघडा ठेवावा आणि जेवणाबरोबर सावकाश ताडून पाहाव्यात. जेवणाबरोबरच, कारण सांजोवेझेचा आंबटपणा नुसता घेतला तर बोचतो. टोमॅटोच्या रश्शाबरोबर तोच हवासा वाटतो.

त्या दोनांतली एक बाटली आपल्याकडचीही चालेल. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात मराठी, दिल्लीकर आणि इटालियन भावंडांच्या भागीदारीतून सांजोवेझे लावलं गेलं आहे. कंपनीचं नाव रेडिओवरून घेत नाही, शोधलंत तर सहज सापडेल. टस्कनीतली वेल हिवाळ्यात झोपते, वर्षाला तिची मुख्य छाटणी एकच, आणि तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात. अकलूजला वेलीला झोप अशी नाहीच. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा ओसरता ओसरता दुसरी, आणि माणदेशी उन्हं तापायच्या आत, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घड उतरवून मोकळं. जात तीच, पण मणी पिकतो तो दिवस उलटे लांबत जात असताना. ही बाटली आणि कियांतीची एखादी शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि फरक काय जाणवला ते आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा.